क्रॉसपॅथी : दवाखान्यात कुठवर जाता येते आणि कुठे थांबावे लागते

नवा दवाखाना थाटलेल्या बी.ए.एम.एस., म्हणजे आयुर्वेदाची पदवी असलेल्या डॉक्टरला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतो, ‘डॉक्टर, सुई मारता ना?’ शेजारच्या गल्लीत एम.बी.बी.एस. डॉक्टरच्या टेबलावर औषध कंपनीचा माणूस यकृतासाठीचे आयुर्वेदिक सिरप ठेवून जातो. होमिओपॅथीवाल्याला मेडिकलवाला सांगतो, ‘साहेब, ॲझिथ्रोमायसिन लिहून द्या, पेशंट माझ्याकडेच येतो.’ एका पद्धतीच्या डॉक्टरने दुसऱ्या पद्धतीचे औषध देणे म्हणजे क्रॉसपॅथी. तिघांपुढचा प्रश्न एकच आहे: हे मला कायद्याने करता येते का? ‘सगळेच करतात’ हे त्याचे उत्तर नाही. ‘काहीच करता येत नाही’ हेही नाही. महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर पदवीप्रमाणे, राज्याप्रमाणे आणि कधी कधी एकेका इंजेक्शनाप्रमाणे बदलते. ते कसे शोधायचे ते इथे महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी लिहिले आहे. पेशंटांनाही ते उपयोगी पडेल.

आधी रजिस्टर, मग पदवी

डॉक्टरकीचा हक्क पदवीच्या कागदातून येत नाही, रजिस्टरमधल्या नोंदीतून येतो. महाराष्ट्रात ही रजिस्टरे वेगवेगळी आहेत. एम.बी.बी.एस. आणि त्यापुढच्या पदव्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे, १९६५ च्या कायद्याखाली होते. आयुर्वेद आणि युनानीची नोंद महाराष्ट्र काउन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याखाली होते, आणि होमिओपॅथीची महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे. दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका यांच्या परिषदा निराळ्या. ॲक्युपंक्चरसाठीही राज्याने २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली वेगळी परिषद आली. म्हणून शनिवार-रविवारच्या कोर्सचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून सुया टोचायला बसू नका. आधी त्या परिषदेकडे आपली नोंद होते का ते विचारा.

केंद्राचे तीन कायदे या भिंती पक्क्या करतात: २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०२० चा भारतीय वैद्यक पद्धती आयोग कायदा आणि त्याच वर्षीचा होमिओपॅथी आयोग कायदा. तिन्हींतले कलम ३४ थोडक्यात एकच सांगते. ज्याचे नाव त्या पद्धतीच्या रजिस्टरमध्ये नाही, त्याने त्या पद्धतीचा पात्र डॉक्टर म्हणून व्यवसाय करायचा नाही. केल्यास १ वर्षापर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही मनाई दोन्ही दिशांना लागू आहे हे बरेच जण विसरतात. वैद्याने ॲलोपॅथी करणे एवढाच तिचा विषय नाही, एम.बी.बी.एस. डॉक्टरने आयुर्वेद करणेही तिच्याच कक्षेत येते.

तेव्हा पहिले काम हे करा. स्वतःचे नोंदणी प्रमाणपत्र काढा आणि त्यावरचे चार तपशील वहीत उतरवा: कोणती परिषद, नोंदणी क्रमांक, कायद्याच्या परिशिष्टातल्या कोणत्या भागाखाली नोंद आहे तो भाग, आणि नूतनीकरणाची तारीख. नूतनीकरण राहून गेलेला डॉक्टर स्वतःच्या पद्धतीतही अडचणीत येतो, दुसऱ्या पद्धतीची गोष्ट तर दूरच. मेडिकल काउन्सिलच्या नूतनीकरणाला ५ वर्षांत ३० क्रेडिट तास लागतात. ते शेवटच्या महिन्यात जमत नाहीत.

बी.ए.एम.एस. : ‘प्रशिक्षणाच्या मर्यादेत’ म्हणजे किती?

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावली १९४५ ची आहे. तिच्या नियम २(ईई)(३) नुसार राज्य सरकारला अधिसूचना काढून काही व्यावसायिकांना औषधांपुरते ‘नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी’ ठरवता येते. महाराष्ट्राने ही तरतूद २५ नोव्हेंबर १९९२ च्या आदेशाने आणि पुढे २३ फेब्रुवारी १९९९ च्या अधिसूचनेने वापरली. १९६१ च्या कायद्याच्या परिशिष्टातल्या ठरावीक भागांत मोडणारी पदवी असलेल्यांना आधुनिक औषधे वापरायची मुभा मिळाली, पण एका अटीवर: त्या पद्धतीचे जेवढे प्रशिक्षण मिळाले असेल तेवढ्यापुरतीच.

सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर १९९८ च्या मुख्तियार चंद निकालात अशा अधिसूचनांचा पाया तपासला. न्यायालयाने म्हटले की औषध लिहायचा हक्क हा त्या पद्धतीचा व्यवसाय करायच्या हक्काला जोडलेला आहे, आणि तो हक्क राज्याच्या कायद्याने दिलेला असला पाहिजे. म्हणूनच दिल्लीत चित्र वेगळे आहे. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये भारतीय वैद्यक पद्धतीच्या डॉक्टरांना ॲलोपॅथी औषधे देता येणार नाहीत असे सांगितले. महाराष्ट्रात अधिसूचनेचा आधार आहे, पण तो महाराष्ट्राच्या हद्दीपुरता. सावंतवाडीच्या बी.ए.एम.एस. डॉक्टरने बांद्यात जे औषध लिहिले, तेच पत्रादेवीचा नाका ओलांडून पेडण्यात बसून लिहायचे असेल तर त्याला गोव्याची नोंदणी आणि गोव्याचा कायदा पाहावा लागेल. महाराष्ट्राची अधिसूचना नाक्यापलीकडे सोबत येत नाही. फोनवर किंवा व्हिडिओवर परराज्यातला पेशंट तपासतानाही हे ध्यानात ठेवावे.

सगळा घोळ ‘प्रशिक्षणाच्या मर्यादेत’ या शब्दांत आहे. कोणती औषधे चालतील आणि कोणती नाहीत याची यादी अधिसूचनेत नाही. प्रकरण कोर्टात किंवा ग्राहक आयोगात गेले की प्रश्न येतो: हे औषध, ही मात्रा, हा मार्ग तुम्ही कुठे शिकलात? उत्तराला कागद लागतो. म्हणून दवाखाना उघडण्याआधीच एक फाइल बांधा. तिच्यात तुमच्या बॅचला लागू असलेला अभ्यासक्रम ठेवा, आजचा नव्हे. इंटर्नशिपमध्ये ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात केलेल्या पोस्टिंगचे तारखांसह प्रमाणपत्र ठेवा. लॉगबुक आणि नंतर केलेल्या नोकरीची अनुभवपत्रेही ठेवा. अनुभवपत्रात ‘उत्तम काम केले’ एवढेच असेल तर त्याचा उपयोग थोडा. ‘बाह्यरुग्ण विभागात अमुक महिने, स्नायूत व शिरेतून इंजेक्शने, टाके, जखमेची निगा’ असे नेमके लिहून मागा. देणारा कुरकुरतो, तरी मागा.

एक सुई जवळून

अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक हे दवाखान्यातले नेहमीचे इंजेक्शन. त्याच्यावरच ही मर्यादा तपासून पाहू.

कागदाचा प्रश्न सोपा आहे. बी.ए.एम.एस. डॉक्टरकडे स्नायूतल्या इंजेक्शनाचे प्रशिक्षण असेल आणि फाइलमध्ये त्याचा पुरावा असेल, तर महाराष्ट्रात ते मर्यादेत बसवता येते. पण प्रशिक्षण म्हणजे सुई टोचता येणे नव्हे. पेशंटला पोटात अल्सर आहे का, मूत्रपिंडाचा आजार आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आधी कधी वेदनाशामकाने दम लागला होता का, हे चार प्रश्न विचारून केसपेपरवर उत्तरे लिहिलेली असली पाहिजेत. सुई नितंबाच्या वरच्या-बाहेरच्या चतुर्थांशातच गेली पाहिजे. ती खाली किंवा मधल्या बाजूला सरकली तर सायटिक नसेला इजा होते आणि पाऊल लटके पडते. पेशंट बसलेला असताना किंवा साडी-पँट अर्धवट सरकवून घाईत मारलेली सुई बहुधा अशीच चुकते. पेशंट आडवा हवा आणि जागा पूर्ण उघडी हवी.

दुसरा धोका ॲलर्जीचा. इंजेक्शनानंतर काही मिनिटांत अंगावर गांधी, घशात घरघर, नाडी बारीक, रक्तदाब खाली. मोठ्या माणसाला १ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. ताकदीचे ॲड्रिनालिन ०.५ मि.लि., मांडीच्या मधल्या-बाहेरच्या भागात स्नायूत, लगेच. सुधारणा नसेल तर ५ मिनिटांनी पुन्हा. पाय वर, ऑक्सिजन, शिरेतून सलाइन आणि १०८ ला फोन. आधी डेक्सामेथासोन किंवा ॲव्हिल देऊन वाट पाहणे ही नेहमीची आणि जीवघेणी चूक आहे. ही औषधे ॲड्रिनालिनची जागा घेत नाहीत.

आता स्वतःला विचारा: ॲड्रिनालिनची ॲम्प्यूल ट्रेमध्ये आहे का, तिची मुदत संपली नाही ना, आणि हात न थरथरता ते देता येईल का? तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर ते इंजेक्शन तुमच्या मर्यादेबाहेर आहे, अधिसूचना काहीही म्हणो. ‘कमजोरी’साठी लावलेल्या सलाइनचेही तेच. पेशंट तोंडाने पाणी घेऊ शकत असेल तर त्या बाटलीला वैद्यकीय कारणच नसते. मग थंडी वाजून काही बिघडले तर ती का लावली, हे केसपेपरवरून सांगता येत नाही.

इंजेक्शन दिल्यावर पेशंटला निदान अर्धा तास बसवून ठेवा आणि बसवल्याची वेळ लिहा.

होमिओपॅथी

या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा निकाल मुंबईच्याच एका प्रकरणातून आला. जुलै १९९२ मध्ये होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने एका तापाच्या पेशंटला आधी विषाणूजन्य ताप समजून आणि मग टायफॉइड समजून ॲलोपॅथी प्रतिजैविके दिली. पेशंट दगावला. १० मे १९९६ रोजी पूनम वर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्या पद्धतीचे ज्ञान आणि नोंदणी नाही तिचा उपचार करणे हाच निष्काळजीपणा, आणि ३ लाख रुपये भरपाई ठरवली. एरवी निष्काळजीपणा सिद्ध करायला पेशंटच्या बाजूला तज्ज्ञाचे मत आणावे लागते, अपेक्षित दर्जा कुठे ढळला ते दाखवावे लागते. इथे ती पायरीच गळते. उपचार बरोबर होता की चूक या वादापर्यंत प्रकरण पोचतच नाही.

पुढे महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून एक वाट काढली. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा आधुनिक औषधशास्त्राचा १ वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, म्हणजे बोलीतला ‘सीसीएमपी’, पूर्ण केलेल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांना मर्यादित ॲलोपॅथी औषधे देता यावीत, असा तो बदल. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. २०२५ मध्ये या डॉक्टरांची मेडिकल काउन्सिलकडे नोंद करायचा निर्णय झाला, जुलैत थांबला, सप्टेंबरमध्ये शासनाने पुन्हा हालचाल केली आणि त्यावर ॲलोपॅथी डॉक्टरांचा संपही झाला. यातून व्यवहारापुरते एवढे घ्या: सीसीएमपी नसलेल्या बी.एच.एम.एस. डॉक्टरने ॲलोपॅथी औषध लिहू नये. क्रोसिनपुरतेही नको, कारण ‘एवढ्याने काय होते’ इथूनच सवय लागते. आणि सीसीएमपी झालेल्याने फक्त प्रमाणपत्रावर विसंबू नये. उच्च न्यायालयाचा त्या दिवशी लागू असलेला आदेश आणि काउन्सिलचे ताजे परिपत्रक छापून फाइलला लावावे, आणि दर तिमाहीला पुन्हा पाहावे.

एम.बी.बी.एस. डॉक्टर आणि आयुर्वेदिक औषध

याबद्दल फार कमी बोलले जाते. यकृताचे सिरप, मुतखड्याच्या गोळ्या, मूळव्याधीचे मलम ॲलोपॅथीच्या चिठ्ठीवर सर्रास लिहिले जाते. मुभा देणारी अधिसूचना वैद्यांसाठी आहे, एम.बी.बी.एस. डॉक्टरला उलट दिशेने आयुर्वेद करायची मुभा ती देत नाही. आहाराचा, योगाचा, हळद-दुधाचा सल्ला देणे म्हणजे आयुर्वेदाचा व्यवसाय नव्हे. पण आयुर्वेदिक परवान्याखालचे औषध मात्रा घालून लिहिले की तुम्ही कुंपणापलीकडे पाय टाकलात. शिवाय २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम ६.५ सांगतो की ज्याची घटकद्रव्ये स्वतःला माहीत नाहीत ते औषध डॉक्टरने लिहू नये. प्रतिनिधीने दिलेल्या पत्रकावर विसंबून लिहिणाऱ्याचा बचाव इथेच संपतो.

बाटली हातात घेऊन लेबल वाचायची सवय लावा. आयुर्वेदिक औषधावर तसे छापलेले असते आणि घटकांची यादी असते. औषधे नियमावलीच्या अनुसूची ई(१) मधले घटक असतील तर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सावधगिरीची सूचनाही असते. बचनाग, कुचला, धोतरा, बिब्बा, पारा, हरताळ, मनःशीळ ही त्या यादीतली नावे. आरोग्यवर्धिनी सर्वांच्या परिचयाची आहे, पण तिच्यात कज्जली, म्हणजे पारा-गंधक असते हे ती सहज लिहिणाऱ्या किती जणांना ठाऊक असते? लेबलवर १४ आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक असेल तर ते औषधच नाही, खाद्य आहे, आणि त्याच्या जोरावर रोग बरा करायचा दावा करता येत नाही.

‘वनस्पती आहे, काय बिघडणार’ हा समज खोटा आहे. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतले तर अंगात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम खाली येते, रक्तदाब चढतो. पेशंट आधीच लघवी वाढवणाऱ्या गोळीवर असेल तर पोटॅशियम आणखी उतरते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून इतिहास घेताना ‘आणखी काही काढा, चूर्ण, पुड्या घेता का?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारा. ‘औषध घेता का?’ असे विचारले तर पेशंट ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी काढा हे औषध नाही.

पेशंटला आयुर्वेदाचा उपयोग होईल असे खरेच वाटत असेल तर सरळ मार्ग आहे: नोंदणीकृत वैद्याकडे चिठ्ठी लिहून पाठवा. चिठ्ठीत निदान, चालू औषधे, क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्यांचे आकडे द्या. पाठवल्याबद्दल कमिशन घेऊ नका, आचारसंहितेला ते चालत नाही. एकाच दवाखान्यात नवरा एम.बी.बी.एस. आणि बायको बी.ए.एम.एस. असेल तर दोघांची लेटरहेडे वेगळी, सह्या वेगळ्या, आणि कोणी काय तपासले ते केसपेपरवर स्पष्ट. एकाच्या पॅडवर दुसऱ्याने लिहिलेले औषध हा तपासणीतला सर्वांत सोपा पुरावा असतो.

काही दारे बंदच आहेत

प्रशिक्षण, अनुभव, अधिसूचना यांपैकी कशानेही ही दारे उघडत नाहीत. गर्भपात हे पहिले. १९७१ च्या कायद्यात डॉक्टरची व्याख्याच आधुनिक वैद्यकाच्या पदवीशी आणि स्त्रीरोग-प्रसूतीच्या प्रशिक्षणाशी बांधलेली आहे. दवाखान्याच्या कपाटात ठेवलेला मिफेप्रिस्टोनचा किट वैद्याला किंवा होमिओपॅथला तुरुंगात नेऊ शकतो. अपात्र व्यक्तीने गर्भपात केल्यास २ ते ७ वर्षे सक्तमजुरी आहे. गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ किंवा अर्धवट गर्भपातानंतरचा रक्तस्राव ओळखायला आणि आवरायला शस्त्रक्रियागृह आणि रक्त लागते, एवढ्यासाठी हे बंधन आहे. सोनोग्राफी हे दुसरे. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली केंद्राची नोंदणी आणि ठरलेली पात्रता दोन्ही लागतात.

शस्त्रक्रियेबाबत मात्र गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. नोव्हेंबर २०२० च्या केंद्रीय अधिसूचनेत ५८ शस्त्रक्रियांची यादी आली, ३९ शल्यतंत्रातल्या (सर्वसाधारण शस्त्रक्रिया) आणि १९ शालाक्यातल्या (डोळे, कान, नाक, घसा, दात). ती या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आहे. केवळ बी.ए.एम.एस. झालेल्याने ती भिंतीवर लावून अपेंडिक्स काढायला घेऊ नये. क्षारसूत्र, रक्तमोक्षण, बस्ती या आपल्या शास्त्रातल्या प्रक्रियांनाही लेखी संमती, निर्जंतुक साहित्य आणि जैववैद्यकीय कचऱ्याची नोंद लागते. जळवा एका पेशंटच्या दुसऱ्याला लावू नयेत. हे आयुर्वेद आहे म्हणून नियम सैल होत नाहीत.

पुडी

बिननावाची पुडी ही महाराष्ट्रातल्या दवाखान्यांची जुनी खोड. वैद्याला स्वतःच्या पेशंटसाठी औषध बनवायची सूट कायद्यात आहे, उत्पादन परवान्याची अट त्याला लागत नाही. ॲलोपॅथी औषधे स्वतःच्या पेशंटला देणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरलाही अनुसूची के खाली विक्री परवान्यातून सूट आहे, पण औषध परवानाधारकाकडूनच घेतलेले असावे, बिले जपलेली असावीत, आणि दुकानासारखी उघडी विक्री नसावी.

या दोन सुटी एकत्र कुटून डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनची गोळी चूर्णात मिसळली की मात्र तो सरळ गुन्हा होतो. संधिवाताच्या आणि दम्याच्या ‘गुणकारी’ पुड्यांत हेच सापडते. पेशंटला दोन दिवसांत हलके वाटते, तोंड गोल होते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. काही महिन्यांनी तो गाव बदलतो आणि पुडी बंद पडते. तोवर मूत्रपिंडावरच्या ग्रंथींनी स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते. साधी जुलाब-उलटी होते, रक्तदाब कोसळतो आणि तालुक्याच्या डॉक्टरला कारणच कळत नाही, कारण कागद नसतो. तुमच्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पुडीवर औषधाचे नाव, मात्रा, तारीख आणि पेशंटचे नाव हवे. पेशंटांनीही एवढे मागावे, त्यात अपमान नाही.

बोर्ड, लेटरहेड, चिठ्ठी

‘एम.डी.’ एवढेच मोठ्या अक्षरांत आणि ‘आयुर्वेद’ कोपऱ्यात बारीक, असा बोर्ड नको. एका आकारात ‘एम.डी. (आयुर्वेद)’ किंवा ‘एम.डी. (होमिओपॅथी)’ लिहा. ‘फिजिशियन अँड सर्जन’ हे शब्द ज्याच्याकडे ती पात्रता आहे त्यानेच वापरावेत. ‘आर.एम.पी.’ (नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी) ही पदवी नाही. इलेक्ट्रोहोमिओपॅथीला मान्यता नाही, आणि केंद्राच्या २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशानुसार तिच्या प्रमाणपत्रावर नावापुढे डॉक्टर लावता येत नाही. पर्यायी वैद्यकाची टपालाने आलेली एम.डी. कोणत्याच रजिस्टरमध्ये बसत नाही. नोंदणी क्रमांक बोर्डावर, चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पावतीवर असावा.

चिठ्ठीवर पेशंटचे नाव-पत्ता, तारीख, औषध, मात्रा, एकूण किती द्यायचे आणि सही हवी. पट्टीवर ‘आरएक्स’ असेल तर ते अनुसूची एच किंवा एच१ चे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारे औषध. एच१ ला लाल चौकटीतली सूचना असते आणि औषध दुकानदाराला त्याची वेगळी नोंदवही ३ वर्षे जपावी लागते. त्या वहीत लिहिणाऱ्या डॉक्टरचे नाव येते, म्हणजे तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स किंवा क्षयाची औषधे कोण लिहितो हे अन्न व औषध प्रशासनाला दवाखान्यात न येताही कळते. ‘एक्सआरएक्स’ आणि ‘एनआरएक्स’ या गुंगी आणणाऱ्या, सवय लावणाऱ्या औषधांवरच्या खुणा दिसल्या तर बी.ए.एम.एस. डॉक्टरने थांबावे आणि पाठवणीची चिठ्ठी लिहावी, हे आमचे स्पष्ट मत.

जाहिरातीत मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, मोतीबिंदू, पक्षाघात, उच्च रक्तदाब बरा करण्याचा दावा नको. १९५४ च्या जादुई उपचार कायद्याच्या अनुसूचीत हे आजार आहेत. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. व्हॉट्सॲपवरची पोस्ट आणि रिक्षामागचा फलक या जाहिरातीच आहेत.

रुग्णालयाची रात्रपाळी

खाजगी रुग्णालयांत रात्रीचा आर.एम.ओ. (निवासी डॉक्टर) बऱ्याचदा बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. असतो. पेशंट बिघडला की सही त्याची आणि फोन तज्ज्ञाचा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्येच अशा नेमणुकांवर कडक शब्दांत बोट ठेवले आहे. नोकरी घ्यायचीच असेल तर नेमणूकपत्रात कामाची हद्द लिहून घ्या: निरीक्षण, नोंद, तज्ज्ञाच्या आदेशाची अंमलबजावणी. फोनवरचा आदेश लिहिताना वेळ, तज्ज्ञाचे नाव आणि शब्दशः मात्रा लिहा, परत वाचून दाखवा, आणि सकाळी त्यांची सही घ्या. ‘तुम्हीच ठरवा’ असे उत्तर आले तर तेही लिहा.

चूक झाली तर कोणता कायदा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास ५ वर्षांपर्यंत शिक्षा, पण नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रियेत झाल्यास २ वर्षांपर्यंत. या सवलतीतल्या ‘डॉक्टर’ची व्याख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखालच्या पात्रतेवर आणि नोंदणीवर बेतलेली आहे. म्हणजे औषधांसाठी अधिसूचनेने डॉक्टर ठरलेला बी.ए.एम.एस. इथे त्या व्याख्येत बसत नाही. सुई मारायची मुभा असलेल्या पण या सवलतीबाहेर असलेल्या माणसाने हे माहीत करून घेऊनच सुई उचलावी.

ग्राहक आयोगात तक्रार घटनेपासून २ वर्षांत करता येते. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. व्यावसायिक विम्याची पॉलिसी काढून वाचा. ‘पात्रतेबाहेरचे उपचार’ वगळणारी ओळ असेल तर क्रॉसपॅथीच्या प्रकरणात भरपाई स्वतःच्या खिशातून जाईल.

तक्रारीसाठी पेशंटने योग्य दार ठोठावावे: एम.बी.बी.एस. असेल तर मेडिकल काउन्सिल, वैद्य असेल तर इंडियन मेडिसिन काउन्सिल, होमिओपॅथ असेल तर त्यांची परिषद, औषधाबद्दल अन्न व औषध प्रशासन. नोंदणीच नसेल तर जिल्हा, तालुका किंवा महापालिका पातळीवरची बोगस डॉक्टर शोध समिती. केसपेपरची प्रत लेखी मागा. आचारसंहितेनुसार ती ७२ तासांत द्यावी लागते.

पथक दारात आले तर

आलेल्या अधिकाऱ्यांची ओळखपत्रे पाहा, नावे आणि वेळ लिहून घ्या. नोंदणी प्रमाणपत्र, फाइल, औषधखरेदीची बिले आणि मागितलेले केसपेपर दाखवा. नमुना म्हणून औषध घेतले तर त्याची पावती आणि सीलबंद हिस्सा मागा. पंचनामा मराठीत पूर्ण वाचून मगच सही करा. न पटलेली ओळ असेल तर सहीच्या वर ‘अमुक मजकूर मान्य नाही’ असे स्वतःच्या हाताने लिहा. केसपेपरमध्ये मागाहून काहीही भरू नका. वेगळ्या शाईतली एक ओळ सगळी नोंदवही खोटी ठरवते. परिषदेची नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत मुद्देसूद उत्तर द्या, सोबत प्रती जोडा आणि मूळ कागद स्वतःजवळ ठेवा.